पाळण्याचा बयाना

चैत्र अर्धा सरला की लातुरात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. लिंबाचा मोहर गळून अंगणभर सडा पडतो. तो सकाळी झाडून काढावा तर संध्याकाळी पुन्हा तेवढाच. म्हणून मी झाडतच नाही, येऊ देते पायाखाली. त्याचा तो कडसर-गोड वास आला की मला लाकडाचा भुसा आठवतो, आणि भुसा आठवला की खाजा मिस्त्री. लिंबाच्या मोहराचा आणि सुताराचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध एवढाच, की नांदेडला जुन्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागं खाजा मिस्त्रींचं दुकान एका लिंबाखाली होतं, आणि एका उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी तिथं जात होते.

यंदा तो उन्हाळा जरा जास्तच आठवून राहिला, त्याला कारण माझी भाची मुक्ता. बाईसाहेब इथंच लातुरात बँकेत आहेत. दिवस भरत आलेत. मागच्या महिन्यात मी गेले तर फोनवर एका पाळण्याचा फोटो दाखवायला लागल्या. करणारा कुणी तरुण पोरगा आहे म्हणे. दुकान नाही, पाटी नाही, सगळं फोनवर. आपण माप सांगायचं, रंग सांगायचा, पैसे सगळे आधी भरायचे आणि महिना-दीड महिना थांबायचं. तोवर फोन आपणहून सांगत राहतो: लाकूड कापलं. घासलं. पॉलिशला गेलं.

"सगळे पैसे आधी?" मी विचारलं.

"मावशी, तो एकटा माणूस आहे गं. आपल्या मापाचं करून ठेवलं आणि आपण नको म्हटलं, तर त्यानं काय करायचं?"

हेही खरंच. माझ्या शेजारी मुक्ताची आई बसली होती, म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. लेकीच्या बाळंतपणासाठी ती उदगीरहून आलेली. तिनं फोनकडं पाहिलंच नाही. भेंडी चिरत होती, ती चिरतच राहिली. मी पाणी प्यायला आत गेले तशी मागोमाग आली आणि हळूच म्हणाली, "सुमे, तारीख कोणती दिलीय त्यानं? बाळंतपणाच्या आधीची का नंतरची?"

"आधीची."

आक्कानं भेंडीचं ताट ओट्यावर ठेवलं. "मला आता झोप लागायची न्हाई," म्हणाली.

तिला झोप का लागणार नाही, हे मुक्ताला माहीत नाही. मला माहीत आहे.

आमच्या लहानपणी नांदेडात आयतं असं फार थोडं मिळायचं. खाट, कपाट, पोलकं, पाटल्या, जे हवं ते सांगून करून घ्यायचं. आणि सांगून करून घ्यायचं म्हणजे वाट बघायची. प्रत्येक धंद्याचं वाट बघायला लावण्याचं वाक्य ठरलेलं. शिंपी म्हणायचा, "फक्त काजं राह्यलीत, बाई." सोनार म्हणायचा, "उजळायला टाकलंय." लग्नसराईत तर विचारूच नका. आमच्या गल्लीतल्या एका नवरदेवाचा कोट हळद लागली तरी आला नव्हता, आणि वरात निघायच्या वेळेला शिंपी स्वतः सायकलवरून धावत कोट घेऊन आला, एका बाहीला टाचण्या तशाच. नवरदेव अख्ख्या लग्नात हात ताठ धरून उभा होता. लोकांना वाटलं, पोरगा लई शिस्तीचा हाय.

आणि काम सांगितलं की हातावर बयाना ठेवायचा. पुण्याकडं त्याला इसार म्हणतात. इसार म्हटलं की मला कसं कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं. बयाना शब्दात चहा आहे, पान आहे, 'बसा की' आहे. खाजा मिस्त्रींचा नियम होता, अर्धा बयाना आधी. तो खिशात गेल्याशिवाय ते माप घ्यायची पट्टीसुद्धा उघडायचे नाहीत. बयाना घेताना दिवस सांगायचे "आठ दिवसात," आणि हे आठ दिवस कुठल्या पंचांगातले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. माणूस मात्र देखणा. मेंदी लावलेली दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, कानामागं पेन्सिल, आणि कुणी भांडायला आलं की आधी स्टूल पुढं सरकवणार.

आमच्या वडिलांनी, अण्णांनी, त्यांच्याकडं पुस्तकांचं कपाट सांगितलं होतं. अण्णा शाळेत गणित शिकवायचे. बयाना दिला तेव्हा मी नववीत होते, आणि मी बारावीला आले तरी अण्णांची पुस्तकं पलंगाखाली ट्रंकेतच होती. दर रविवारी सकाळी अण्णा भांडायला म्हणून निघायचे आणि दुपारी चहा पिऊन, पान खाऊन परत यायचे.

"मिस्त्री, तुमची मेख मला कळली आहे," अण्णा एकदा म्हणाले. "माझ्या बयान्यातून तुम्ही दुसऱ्या कुणाचं लाकूड आणलं. आता तिसरा बयाना देईल तेव्हा माझं लाकूड येणार. हा हिशेब शेवटच्या गिऱ्हाइकापाशी येऊन फुटतो."

"शेवटचं गिऱ्हाईक येतंच कुठं, सर?" मिस्त्री म्हणाले. "आन् तुमचं लाकूड तर आलंय. ते बगा."

खरंच आलं होतं. लिंबाखाली सागवानी फळ्यांची थप्पी रचलेली, वरच्या फळीवर खडूनं लिहिलेलं 'सर'. अण्णा त्या थप्पीकडं असं बघायचे, जणू कपाटच झालंय. घरी येऊन आईला म्हणाले, "निम्मं काम झालं." आई म्हणाली, "लाकूड झाडावर होतं तेव्हा पाव झालं होतं का?" आमच्या आईपुढं गणित चालायचं नाही.

आता मधली एक गोष्ट सांगायलाच हवी, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. आक्काचं सासर उदगीरचं, मोठं, हौशी घर. तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी सातव्या महिन्यातच पाळणा सांगितला. सगळे पैसे आधी मोजले आणि करणाऱ्याला बजावलं, एक दिवस उशीर चालणार नाही. आमच्या आईला हे कळलं तेव्हा ती देवापुढं जाऊन बसली. आमच्याकडं लेकरू हातात आल्याशिवाय त्याची वस्तू घरात आणत नाहीत, टोपडंसुद्धा नाही. पण लेकीच्या सासरी बोलायचं कसं? बोलली नाही.

लेकरू जिवंत आलं नाही. आक्का दवाखान्यातून घरी आली, आतल्या खोलीत पडून होती, आणि ठरल्या दिवशी पाळणा दारात आला. त्या माणसाची काय चूक? पैसे घेतले होते, शब्द दिला होता, तो पाळला. आक्कानं साखळ्यांचा आवाज ऐकला. कुणीतरी दबक्या आवाजात "आत नका आणू" म्हणालं, तेही ऐकलं. आमच्या सगळ्या गोतावळ्यात वेळेवर आलेली अशी ती एकच वस्तू.

त्यानंतर दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले आणि ती माहेरी आली, तो हा उन्हाळा. मी बारावीची परीक्षा देऊन मोकळी होते. आईनं घरात कडक कायदा लावलेला. बाळाचं नाव काढायचं नाही, काही शिवायचं नाही, विणायचं नाही, आणि बयाना हा शब्द तर उच्चारायचासुद्धा नाही. शेजारणींनी पोटाकडं पाहिलं तरी आई विषय पापडाच्या खारावर नेऊन सोडायची. भीतीच बसली होती तिला, दुसरं काय. डॉक्टरांनी आक्काला संध्याकाळी चालायला सांगितलं, म्हणून मी तिच्यासोबत. ऊन उतरलं की आम्ही निघायचो. रस्त्यावर पाणी शिंपडलेल्या मातीचा वास, आंब्यांच्या अढीतल्या गवताचा वास, आणि मोंढ्यापाशी आलं की भुसा आणि लिंबाचा मोहर.

एका संध्याकाळी आक्का मिस्त्रींच्या दुकानापुढं थांबली. मला वाटलं, दमली.

"चाचा," ती म्हणाली, "मला पाळणा करून पाहिजे." आणि पदराच्या गाठीतून नोटा काढून पुढं केल्या. ही तयारी तिनं कधी केली, मलाही माहीत नव्हतं.

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. पैशाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. ज्या माणसानं बयाना घेतल्याबगर कधी पट्टी उघडली नाही, तो म्हणाला, "पाळन्याचा बयाना मी घेत न्हाई."

"का?"

"एकदा घेतला होता," म्हणाले, आणि रंधा पुन्हा हातात घेतला.

"मग बगर बयान्याचा करा."

"करतो बी म्हनत न्हाई, न्हाई बी म्हनत न्हाई. हे लग्नाचे पलंग बगा किती पडलेत."

आक्का तिथंच रडायला लागली, भर रस्त्यात. "चाचा, त्या घरात माझ्या लेकराचं काहीच न्हाई. नाव न्हाई, टोपडं न्हाई, कुणी त्याच्याबद्दल बोलत बी न्हाई. जणू ते येणारच न्हाई. कुणीतरी त्याची वाट बघून राहिलंय, एवढं तरी मला दिसू द्या."

मिस्त्री उठले. माठातलं पाणी दिलं, आणि अण्णांच्या फळ्यांच्या थप्पीवरचा भुसा खांद्यावरच्या फडक्यानं झटकला. "बसा, आक्का," म्हणाले. "ते लाकूड सध्या बसन्यासाठीच हाय."

मला त्यांचा असा राग आला म्हणता! नाही तर नाही म्हणावं माणसानं. पण आक्का दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच जाऊन बसली, तिसऱ्या दिवशीही. तो तिचा नेमच झाला. ती थप्पीवर बसायची, मी दगडावर. लग्नसराई तेजीत होती. दुकानात पलंगांचे पाय, ड्रेसिंग टेबलाच्या आरशांच्या चौकटी, पाट, चौरंग, सगळ्यांची नुसती गर्दी. खरादावर लाकूड फिरायचं आणि त्याच्या कुरळ्या सालपटांचा ढीग व्हायचा. रोज कुणीतरी भांडायला यायचं आणि स्टुलावर बसून चहा पिऊन जायचं. एका टोपल्यात वीतभर लांबीचे कातीव दांडे पडलेले असायचे. आक्का त्यातला एखादा उचलून बोलता बोलता हातात फिरवत बसायची.

"हे कशाचे, चाचा?"

"कशाचे बी होतील," मिस्त्री म्हणायचे.

पाळण्यासारखं काही आम्हाला त्या दुकानात एकदाही दिसलं नाही. मी रोज डोळे फाडून बघायचे. आक्कानं पुन्हा विचारलं नाही. एकदा परत येताना मात्र म्हणाली, "न्हाई घेतला ना बयाना. त्यांना बी वाटतंय, हे लेकरू टिकायचं न्हाई." मी तिचा हात धरला आणि आम्ही घरापर्यंत तशाच आलो. एवढ्या उकाड्यातही तिचा हात गार होता.

थप्पी जरा खाली गेल्यासारखी वाटली, तेव्हा मी अण्णांना आनंदानं सांगितलं, "तुमचं कपाट सुरू झालं वाटतं." अण्णा त्या रविवारी भांडायला न जाता नुसतेच चहाला गेले.

वैशाखात भर दुपारी आक्का बाळंत झाली. मुलगी. ती रडली तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर आई अशी ओक्साबोक्शी रडली, की आत काही वाईट झालं असं समजून बाहेरचा रिक्षावाला पाणी घेऊन धावत आला. अण्णांनी गावभर पेढे वाटले. मिस्त्रींनाही दिले. पाळण्याचं कुणीच काही बोललं नाही. आईनं बारशासाठी धुवट लुगड्याची झोळी बांधायचं ठरवलं, आणि आक्का म्हणाली, "चालंल की. झोळीत बी लेकरं मोठी होतात." तोंडानं म्हणाली खरी, पण भिंतीकडं तोंड करून पडली.

बारशाच्या दिवशी सकाळी गल्लीत पोरांचा गलका झाला. बाहेर येऊन बघते तर हातगाडी. गाडीवर पाळणा. चार कोपऱ्यांना कातीव खांब, चारी बाजूंनी वीतवीत दांड्यांचा कठडा, लाल-पिवळी लाख अशी चकाकत होती. आणि पाळण्यात मधोमध एक भलंमोठं टरबूज! पोरं हसून हसून लोळायची बाकी होती. मिस्त्री मात्र गंभीर. "रिकामा पाळना आनू नये म्हनतात तुमच्यात," म्हणाले.

आईचं लक्ष टरबुजाकडं नव्हतंच. तिचा चेहरा उतरला होता. "कुणी दिला याचा बयाना?" तिनं विचारलं. "कधी दिला?"

"कुनी बी न्हाई, भाभी. कसम."

"मग बारा दिवसांत पाळणा? तुम्ही? बारा दिवसांत तुम्ही साधा पाट देत न्हाई!"

"लाकूड कापून ठिवलं होतं. दांडे करून ठिवले होते. जोडलं न्हवतं. जोडल्याबगर पाळना होत न्हाई, भाभी, तोवर नुसत्या फळ्या. सरांनी पेढा दिला, त्या दिवशी जोडाया घेतला."

आक्का बाळाला घेऊन दारात आली होती. कठड्याच्या दांड्यांवरून तिनं बोट फिरवलं, आणि तिला ओळख पटली. रोज हातात फिरवले होते ते तिनं. ज्यावर बसून ती पाळण्याची वाट बघत होती, ती थप्पी म्हणजेच तिचा पाळणा होता. काही वाईट झालं असतं तर त्याच फळ्या कुणाच्या फडताळात गेल्या असत्या, दांडे कुणाच्या देव्हाऱ्याला लागले असते, आणि तिला कधी कळलंही नसतं. तिनं मिस्त्रींना वाकून नमस्कार केला. ते मागं सरकले आणि उगीच साखळ्यांच्या कड्या तपासत राहिले.

अण्णांचं लक्ष आता कुठं लाकडाकडं गेलं. "मिस्त्री," ते म्हणाले, "हे सागवान..."

"हाव, सर. तुमच्या कपाटाचंच. तुमचा बयाना तर कवाचाच आलेला."

"आणि माझं कपाट?"

"आठ दिवसात."

अण्णा हसता हसता खाली बसले. आईनं टरबूज काढून घेतलं, पाळण्यात आधी वरवंटा ठेवला, मग लेक. "रिकामा आणला न्हाई, एवढी तरी अक्कल हाय मेल्याला," ती डोळे पुसत म्हणाली, आणि पंगतीत सगळ्यात आधी पान वाढलं ते त्या मेल्यालाच. टरबूज दुपारी कापलं. आतून लालभडक निघालं, साखरेसारखं गोड.

ती लेक म्हणजे ही मुक्ता. पाळणा पुढं किती घरं फिरला, कोण सांगणार! चुलत, मामे, शेजारपाजार, ज्याच्याकडं लेकरू झालं त्याच्याकडं गेला. शेवटी अर्धापूरला कुणाच्या तरी केळीच्या मळ्यातल्या घरी गेल्याचं ऐकलं, तिथून पुढं पत्ता नाही. अण्णांचं कपाट मी नोकरीला लागल्यावर आलं. त्याला एक खण कमी होता. अण्णा सगळ्यांना तो दाखवायचे, "इथला खण आमच्या नातीनं पळवला." आता अण्णा नाहीत, मिस्त्री नाहीत, लिंबही रस्ता रुंद करताना गेला. मी दुकानातून आयतं कपाट आणते, संध्याकाळी ते घरात असतं, आणि तरी मला रविवारी सकाळी कुणाशी तरी भांडायला जावंसं वाटतं. फार वाटतं. त्या माणसांनी आम्हाला किती ताटकळत ठेवलं, पण तेवढे दिवस आम्ही त्यांच्या दारात जाऊन बसत तर होतो.

तर मुक्ताचा पाळणा. फोननं सांगितल्याप्रमाणे परवा संध्याकाळी टेम्पो दारात आला, एका दिवसाचाही उशीर नाही. मी मुद्दाम गेले होते. टेम्पोचा हॉर्न ऐकून आक्का आत निघून गेली. देवापुढं बसली, पण दिवासुद्धा लावला नाही. मी शेजारी बसले. आम्ही दोघी कान देऊन होतो. साखळ्यांचा आवाज येईल, आता येईल.

आवाज आला तो खोकं जमिनीवर टेकल्याचा.

"हे काय?" बाहेरून मुक्ताचा वैतागलेला आवाज. "जोडून नाही पाठवला?"

आक्का उठली. मी तिच्या मागं. बैठकीत एक लांबट चपटं खोकं पडलं होतं, जाड पुठ्ठ्याचं. मुक्ताचा नवरा अमोल स्क्रू पिळायला पेचकस शोधून राहिलेला.

"यात काय हाय?" आक्कानं विचारलं.

"नुसत्या फळ्या आणि दांडे आहेत, आई," अमोल म्हणाला. "आपण जोडून घ्यायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला.

"पंधराच मिनिटांचं ना?" ती म्हणाली. "मग लेकरू आल्यावर करा. ठेवा तो पेचकस."

"अगं पण आई," मुक्ता म्हणाली, "सगळे पैसे भरलेत मी. आणि तोवर हे एवढं मोठं धूड बैठकीत ठेवायचं? येता-जाता पायात येणार. याचं करायचं काय?"

आक्कानं पदरानं खोक्यावरची धूळ झटकली, हातानं दाबून पाहिलं आणि सावकाश त्यावर बसली.

"सध्या हे बसन्यासाठीच हाय," म्हणाली. "सुमे, चहा टाक."